रक्ताची साक्ष

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत साक्षीसाठी थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. शास्त्रपाठ झाला की पाळकसाहेब विचारतात, "प्रभूच्या उपकारांची साक्ष कोणाला द्यावयाची आहे काय?" मग कोणी मुलाच्या नोकरीविषयी सांगतो, कोणी प्रवासातून सुखरूप परतल्याविषयी. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी साठी ओलांडलेले एक बंधू उभे राहिले. त्यांच्या मुलाने शहरातील एका प्रयोगशाळेत त्यांची संपूर्ण शरीरतपासणी करवून घेतली होती. अहवालात पुष्कळ आकडे होते आणि शेवटच्या पानावर 'कॅन्सरच्या खुणा' म्हणून मोजलेले तीन आकडेही होते. सर्व आकडे मर्यादेच्या आत होते. प्रभूने आपणांस आतून व बाहेरून निर्मळ ठेवले आहे, अशी साक्ष देऊन ते खाली बसले. त्या दिवशी वचनाची सेवा आमच्याकडे होती. उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत आम्ही त्या अहवालाचा मुद्दाम उल्लेख केला व सर्व मंडळीने 'आमेन' म्हटले.

त्यानंतर नवव्या महिन्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि तो यकृतापर्यंत पोहोचला होता. पुढे सात आठवड्यांनी आम्ही त्यांच्या दफनविधीस उभे होतो.

विधीनंतर काही दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी प्रार्थनेसाठी गेलो. प्रार्थना झाली, चहा झाला. निघताना त्यांच्या पत्नीने दारापाशी आम्हांस थांबविले आणि विचारले, "भाऊ, त्या रविवारी तुम्ही देवाचे आभार मानले, ते कशाबद्दल मानले?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आम्ही त्या वेळी काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हते हे त्यांनाही समजले आणि आम्हांसही. तो प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण तो एका घरापुरता राहिलेला नाही. रक्ताच्या चार थेंबांवरून देहात दडलेला रोग आधीच ओळखता यावा यासाठी आज जगभर प्रयत्न चालू आहेत आणि त्यांतील जुन्या चाचण्या आपल्या शहरांतील प्रयोगशाळांच्या दरपत्रकांत येऊन बसल्या आहेत. पुढे काय होणार हे कळणे नेहमीच हिताचे असते काय? ते जाणून घेणे विश्वासणाऱ्याचे कर्तव्य आहे, की त्यापासून दूर राहणे हा विश्वास आहे? या प्रश्नाचा विचार करावयाचा तर आधी हा रोग व ही चाचणी नीट समजून घेतली पाहिजे.

स्वादुपिंड हा सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा अवयव जठराच्या मागे व पाठीच्या कण्याच्या पुढे आडवा असतो. अन्न पचविणारे रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन तो तयार करतो. इतक्या आत असल्यामुळे त्यावरील लहान गाठ हाताला लागत नाही. गाठ त्याच्या डोक्याच्या भागात असेल तर ती पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते. शेपटीच्या भागात असेल तर ती पुष्कळ काळ काहीच बोलत नाही. पाठदुखी, अन्नावरची वासना जाणे, वजन उतरणे ही लक्षणे दिसू लागतात तोवर बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे त्या देशात या रोगाचे निदान झालेल्या शंभरांपैकी सुमारे १३ जण पाच वर्षांनंतर हयात असतात. रोग स्वादुपिंडापुरता मर्यादित असतानाच सापडला तर हा आकडा ४० च्या वर जातो.

येथेच आशेला जागा मिळते. २०१० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी सात मृत रुग्णांच्या गाठींतील जनुकीय बदलांचा माग काढून असा अंदाज मांडला की, पहिला बिघाड झाल्यापासून कर्करोगाची मूळ पेशी जन्मास येण्यास किमान दहा वर्षे लागतात आणि इतर अवयवांत पसरण्याचे सामर्थ्य तिला येण्यास आणखी किमान पाच. म्हणजे आपणांस जो रोग एका रात्रीत आल्यासारखा वाटतो, तो दीड तप आपल्या घरात निमूटपणे राहत असतो. त्या काळात त्याची चाहूल रक्तात लागेल काय, हा संशोधकांचा प्रश्न आहे. तो विचारणाऱ्यांना आपण दोष देऊ शकत नाही. उलट त्यांच्यासाठी प्रार्थना केली पाहिजे.

या कामी सर्वांत जुनी व सर्वांत परिचित खूण म्हणजे 'सीए १९-९'. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोवस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ती प्रथम जगापुढे आणली. तोंडाने घ्यावयाच्या पोलिओच्या लशीवर आरंभीच्या काळात काम करणारे हेच ते कोप्रोवस्की. त्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वापरून एक प्रतिपिंड तयार केले. त्या प्रतिपिंडाने पेशींवरील शर्करेची एक विशिष्ट साखळी ओळखली. पुढे दिसून आले की, स्वादुपिंडाच्या कर्करोगात ही साखळी रक्तात पुष्कळ वाढते. ३७ एककांपर्यंतचा आकडा सामान्य मानण्याची रीत पडली. रोग्यावर उपचार चालू असताना रोग वाढतो आहे की हटतो आहे हे पाहण्यास ही चाचणी फार उपयोगी पडते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली तिला मान्यता दिली तीही याच कामासाठी.

निरोगी दिसणाऱ्या माणसात रोग शोधण्यास मात्र ती अपुरी पडते. शंभरांत पाच ते दहा माणसांच्या देहात जन्मतःच ही शर्करेची साखळी तयार करण्याची शक्ती नसते. त्यांना कर्करोग झाला तरी आकडा शून्याजवळच राहतो. इतरांमध्येही गाठ लहान असताना तो पुष्कळदा मर्यादेतच असतो. आमच्या त्या बंधूंचा आकडा रोग पसरल्यानंतरही जवळजवळ शून्य होता. ते अशाच माणसांपैकी असावेत, असे डॉक्टरांनी कुटुंबास सांगितले. म्हणजे ज्या कागदाबद्दल आम्ही आभार मानले, तो कागद त्यांच्याविषयी कधीच काही सांगू शकणार नव्हता.

याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. आमच्या ओळखीच्या एका भगिनीने अशाच तपासणीत हा आकडा मोजून घेतला, तो ५८ आला. त्यांना कसलाही त्रास नव्हता. पुढील तीन महिन्यांत दोन वेळा सीटी स्कॅन झाले, घशातून नळी घालून तपासणी झाली, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली गेली. शेवटी पित्ताशयात खडे निघाले. कावीळ, पित्तमार्गातील अडथळा, स्वादुपिंडाची सूज, यकृताचे विकार यांमुळेही सीए १९-९ वाढते. पण पैशांपेक्षा मोठे नुकसान निराळेच झाले. बातमी प्रार्थनासाखळीतून सर्व मंडळीत गेली. लोक त्यांना भेटावयास येत ते जणू शेवटचे भेटण्यासाठी. एकाने तर त्यांना विचारले की, कबूल न केलेले एखादे पाप मनात आहे काय. जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो खोडून काढला होता, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आपण शब्बाथशाळेत शिकवितो. शिकवितो, आणि अहवाल हाती आला की विसरतो.

कोणी म्हणेल, ही दोन घरांची कथा झाली. तर मोठा हिशोब पाहू. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील एका मोठ्या रुग्णालयात कोणतेही लक्षण नसलेल्या ७०,९४० माणसांचे सीए १९-९ मोजण्यात आले आणि त्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. १,०६३ जणांचा आकडा मर्यादेबाहेर होता. त्यांपैकी स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तो फक्त चार जणांत. आणखी पंधरा जणांना दुसऱ्या अवयवांचे कर्करोग होते. बाकीच्या हजाराहून अधिक माणसांनी त्या कागदापायी किती रात्री जागून काढल्या असतील, याची मोजदाद कोणत्याही तक्त्यात नाही.

असे का होते हे शब्बाथशाळेतील मोठ्या मुलांनाही फळ्यावर दाखविता येईल. समजा, एक लाख लोकांत हा रोग १३ जणांना आहे. समजा, चाचणी इतकी उत्तम आहे की १३ पैकी १२ जणांना ती पकडते आणि निरोगी शंभर माणसांपैकी ९९ जणांना बरोबर 'निरोगी' म्हणते. तरीही निरोगी ९९,९८७ माणसांपैकी शेकडा एक, म्हणजे सुमारे एक हजार माणसांवर ती खोटा आळ घेईल. खऱ्या १२ रोग्यांना शोधण्यासाठी एक हजार निर्दोषांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल. रोग जितका विरळ, तितका हा घोळ मोठा. आपल्या देशात तर हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच विरळ आहे.

आम्ही येथे आळ, आरोपी हे शब्द सहज वापरलेले नाहीत. रक्ताची चाचणी ही एक साक्ष आहे. आणि साक्षीविषयी पवित्र शास्त्राने फार पूर्वी एक नियम घालून दिला आहे. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे की, एकट्या साक्षीदाराच्या बोलण्यावरून कोणाचा अपराध ठरवू नये. दोन किंवा तीन साक्षीदार हवेत आणि न्यायाधीशांनी कसून चौकशी केली पाहिजे. हा नियम माणसाच्या दुष्टपणासाठी जितका आहे, तितकाच त्याच्या दृष्टीच्या मर्यादेसाठीही आहे. प्रामाणिक साक्षीदारसुद्धा चुकीचे पाहू शकतो.

संशोधकही आज याच वाटेने जात आहेत. २०१७ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठातील संशोधकांनी थ्रोम्बोस्पॉन्डिन-२ नावाचे प्रथिन सीए १९-९ च्या जोडीने मोजले, तेव्हा दोघांची मिळून साक्ष एकट्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरली. २०१८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी रक्तातील आठ प्रथिने आणि सोळा जनुकांतील बदल एकत्र पाहून आठ प्रकारचे कर्करोग ओळखण्याचा प्रयत्न केला. त्यांनी १,००५ रोग्यांची तपासणी केली, तेव्हा या आठ प्रकारांत रोग ओळखण्याचे मध्यक प्रमाण सुमारे शेकडा ७० होते. परंतु रोग अगदी पहिल्या अवस्थेत असलेल्यांत हे प्रमाण शेकडा ४३ वर आले. शिवाय हे सर्व लोक आधीच निदान झालेले होते. चोर पकडल्यानंतर त्याच्या पायाचा ठसा जुळविणे आणि गर्दीतून चोर ओळखणे यांत अंतर आहे. अमेरिकेतील आजार-प्रतिबंधक सेवांविषयीच्या तज्ज्ञ समितीने २०१९ साली पुन्हा सांगितले की, लक्षणे नसलेल्या व विशेष धोका नसलेल्या माणसांची या रोगासाठी सरसकट तपासणी करू नये, कारण त्यापासून होणारी हानी लाभापेक्षा अधिक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या मंडळ्यांत या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे ऐकू येतात आणि आमच्या मते दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर असे की, विश्वासणाऱ्याने अशा तपासण्यांच्या मागे लागूच नये. जे व्हावयाचे ते प्रभूच्या इच्छेने होईल. या मताचे लोक बहुधा आसा राजाचे उदाहरण देतात. त्याला पायांचा भारी रोग झाला असता तो वैद्यांकडे गेला व त्यासाठी शास्त्राने त्याला दोष दिला, असे ते म्हणतात. पण इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातील तो सोळावा अध्याय सबंध वाचावा. आसाने अगोदरच देवावरचा भरवसा सोडून अरामाच्या राजाला सोने-रुपे पाठविले होते आणि त्याबद्दल कानउघाडणी करणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकले होते. आजारातही त्याने परमेश्वराला विचारले नाही, हा त्याचा दोष आहे. वैद्याचे दार ठोठावणे हा दोष असता तर हिज्कीयाच्या गळवावर अंजिरांची चांदकी बांधावयास यशया संदेष्ट्याने सांगितले नसते, आणि पौलाने लूकाचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून केला नसता. मिरजेचे मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केले. ज्या मंडळ्यांच्या पूर्वजांनी अशा दवाखान्यांतून प्रभूची प्रीती प्रथम अनुभवली, त्यांच्या तोंडी वैद्यकाचा अव्हेर शोभत नाही. शिवाय मनातील भीतीला विश्वासाचे नाव देणे हा आपला जुना खेळ आहे. ज्याला वाईट बातमी ऐकावयाची नसते, तो पुष्कळदा म्हणतो की मी प्रभूवर सोपविले आहे.

दुसरे उत्तर याच्या उलट असे की, जे जे कळू शकते ते ते जाणून घेतलेच पाहिजे. कळण्यात नुकसान काय? आजचा काळ या उत्तराच्या बाजूचा आहे आणि प्रयोगशाळांच्या जाहिराती त्यावरच चालतात. या ठिकाणी आम्हांस दावीद राजाची शिरगणती आठवते. लोकांची संख्या मोजणे हे स्वतः पाप नव्हे. मोशेनेही देवाच्या आज्ञेने लोक मोजले होते. परंतु दाविदाच्या गणतीमागे कसलेही आवश्यक कार्य नव्हते. त्याला आकडा हवा होता, त्या आकड्यावर मन टेकवावयाचे होते. यवाबासारखा कठोर सेनापतीसुद्धा त्याला म्हणाला की, हे कशासाठी? पन्नास आकड्यांचा अहवाल मागविणाऱ्या प्रत्येकाने, आणि वाढदिवसाची भेट म्हणून आईवडिलांची तपासणी करविणाऱ्या प्रत्येक मुलाने, यवाबाचा हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. आम्हांस त्या मुलांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण ज्या आकड्याने पुढची कोणतीही कृती ठरत नाही, तो आकडा प्रेमाचे काम करीत नाही. तो फक्त निर्धास्तपणा विकतो, आणि कधी कधी भीती.

मग कसोटी कोणती? आम्हांस असे वाटते की, ज्ञान हे सोपविलेले धन आहे. धन्याने रुपये दिले ते व्यवहार करण्यासाठी, पेटीत पाहून समाधान मानण्यासाठी नव्हे. ज्या ज्ञानामुळे प्रीतीची एखादी कृती शक्य होते, ते मिळविणे कर्तव्य आहे. ज्यामुळे कोणतीच कृती शक्य होत नाही, ते न मिळविण्यात पाप नाही. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने सांगितले. चाचणी करण्यापूर्वीही असाच हिशोब करावा आणि स्वतःस तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: मला हे शोधण्याचे कारण आहे काय? काहींना ते निश्चित आहे. ज्यांच्या सख्ख्या नात्यात दोघांना हा रोग झाला आहे, किंवा ज्यांच्या कुळात धोक्याचे जनुक आढळले आहे, त्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. जॉन्स हॉपकिन्सच्या पुढाकाराने चाललेल्या एका कार्यात अशा १,४६१ व्यक्तींवर नियमित लक्ष ठेवण्यात आले. नियमित तपासणीत ज्या नऊ जणांचा कर्करोग सापडला, त्यांपैकी सात जणांचा पहिल्याच अवस्थेत होता, असे २०२२ साली जाहीर झाले. ते रक्ताच्या एका आकड्याने झाले नाही. दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीने व एमआरआयने, वर्षानुवर्षे चिकाटीने पाहत राहिल्याने झाले. तसेच पन्नाशीनंतर अचानक मधुमेह लागला आणि त्याबरोबर वजनही उतरू लागले, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००५ सालच्या अभ्यासात पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या २,१२२ जणांपैकी १८ जणांना तीन वर्षांच्या आत हा कर्करोग निघाला. म्हणजे शंभरांत एकालाही पुरता नाही; घाबरण्याइतका मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही. न दुखता झालेली कावीळ तर एक आठवडाही अंगावर काढू नये.

दुसरा प्रश्न: साक्ष विरुद्ध गेली तर पुढे काय करता येईल? येथे आपल्याच मुलखातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास झाला. ज्या गटातील स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच तपासणी करून आवश्यक तेथे उपचार केले, त्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. ही चाचणी रक्ताची नव्हे आणि हा रोग निराळा. पण येथे साक्षीच्या मागोमाग कृती उभी आहे. आपल्या महिला मंडळांतील किती भगिनींनी ही तपासणी करवून घेतली आहे? लाजेपोटी ती राहते आणि ज्या चाचणीचा निरोग्याला उपयोग नाही, तिच्यावर पैसे खर्च होतात. त्याचप्रमाणे धूम्रपान हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. खिशात सिगारेटचे पाकीट ठेवून रक्ताचा अहवाल मागविणे म्हणजे दार उघडे टाकून कुलपाची चौकशी करणे होय.

तिसरा प्रश्न: अहवाल हाती येईल तेव्हा माझ्याबरोबर कोण असेल? हा प्रश्न मंडळीचा आहे. चाचणी माणूस एकटा करतो, पण तिचे ओझे एकट्याने वाहता येत नाही. अहवाल येण्यापूर्वीच ज्याच्याशी बोलता येईल, जो बातमी बाहेर नेणार नाही, जो पापाची चौकशी करणार नाही, असा एक तरी बंधू वा भगिनी प्रत्येकाला असावी.

या कसोटीवर एक रास्त आक्षेप घेता येईल. जो रोग बरा होण्यासारखा नाही, तो कळून काही कृती नसेल तर रोग्याला सांगूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. बरे करणे ही एकच कृती नव्हे. यशयाने हिज्कीयाला घराची निरवानिरव करावयास सांगितले होते. आमच्या त्या बंधूंना जे सात आठवडे मिळाले, त्यांत त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतले. घराच्या वाटणीवरून त्या दोघांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. दोघे भाऊ दोन दुपारी एकमेकांशेजारी बसून होते, काय बोलले ते कोणी विचारले नाही. रोग उघड झाल्यानंतरचे सत्य त्यांच्यापासून लपविले असते, तर या दुपारी त्यांना मिळाल्या नसत्या.

परंतु कळले म्हणजे शहाणपण येतेच, असेही नव्हे. हिज्कीयाला पुढे पंधरा वर्षे आयुष्य मिळेल हे नेमके कळले होते. इतकी खात्री कोणत्याही प्रयोगशाळेने कोणाला दिलेली नाही. त्याने काय केले? बाबेलाहून आलेल्या लोकांना आपले भांडार दाखविले, आणि पुढे आपल्या वंशजांवर संकट येणार असे ऐकल्यावर, आपल्या हयातीत तरी शांती राहील यातच समाधान मानले. दिवसांची संख्या कळणे आणि दिवस मोजण्यास शिकणे या दोन गोष्टी आहेत. नव्वदाव्या स्तोत्रात मोशे दुसरी गोष्ट मागतो.

त्या भगिनीच्या प्रश्नास आता आम्ही उत्तर देऊ शकतो असे वाटते. त्या रविवारी आम्ही एका आकड्याबद्दल आभार मानले, आणि ती आमची चूक होती. आकडा अनुकूल आला म्हणून देव चांगला, असे आम्ही न बोलता शिकविले. मग आकडा प्रतिकूल आला तेव्हा त्या घराला काय समजावे? आम्ही आभार मानावयास हवे होते ते त्या माणसाबद्दल. चाळीस वर्षे ज्याने मंडळीचे हिशोब चोख ठेवले, पहाटे येऊन ज्याने मंदिराची दारे उघडली, त्याच्याबद्दल. ते आभार नऊ महिन्यांनी खोटे पडले नसते, कबरेपाशीही खोटे पडले नसते.

गेल्या वर्षी आम्ही त्यांच्या घरी जाऊन हे त्यांना सांगितले व क्षमा मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, त्यांना त्या साक्षीचा फार आनंद झाला होता. तो आनंद तरी खरा होता." हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता आमच्या मंडळीत कोणी अहवालाची साक्ष दिली, तर आम्ही त्याच्या आनंदात सहभागी होतो, पण प्रार्थनेत आकडा घेत नाही. आणि ज्यांचा अहवाल यावयाचा आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करताना, कागदावर काहीही लिहून आले तरी त्यांना एकटे न सोडण्याची कृपा आम्ही प्रथम मंडळीसाठी मागतो.